चारा आधी, मासा नंतर

मंदारिन नावाचा मासा जेमतेम बोटाएवढा. निळ्या अंगावर नारिंगी आणि हिरव्या नागमोडी रेघा, टपोरे वर आलेले डोळे, आणि खवल्यांऐवजी अंगभर बुळबुळीत स्राव. पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळांत तो राहतो. खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा मासा हवा असतो, आणि या छंदात उपाशी मरणाऱ्या माशांत त्याचाच नंबर वरचा लागतो. दुकानातून आणलेले दाणे आणि पापड्या त्याच्या तोंडासमोरून बुडत जातात, तो ढुंकून पाहत नाही. दगडाच्या पृष्ठभागावर नजर रोखतो, क्षणभर थबकतो, एक टिपका उचलतो, पुढे सरकतो. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याचं हेच चालतं. मंदारिन म्हणजे दावणीला वैरण खाणारी गाय नव्हे, माळावर चरणारी शेळी आहे. माळ उजाड असेल तर घरात कितीही पेंड असून उपयोग नाही. दगडावर टिपण्याजोगं काही उरलं नाही की त्याचं पोट आत जातं, पाठीचा कणा दिसू लागतो आणि काही आठवड्यांत खेळ संपतो. मालक म्हणतो, पाणी तर चांगलं होतं.

पाणी चांगलं असतंच. नसतो तो चारा. या प्रकरणात त्या चाऱ्याविषयी बोलायचं आहे, आणि तेही विदर्भातल्या खामगावात बसून.

हा चारा म्हणजे मुख्यतः कोपेपोड. झिंगे आणि खेकडे ज्या कवचधारी कुळातले, त्याच कुळातले हे सूक्ष्म भाऊबंद. पूर्ण वाढलेला कोपेपोड अर्धा ते दोन मिलिमीटर लांब असतो, म्हणजे डोळ्यांना पांढरट ठिपका दिसतो आणि तो ठिपका झटके देत पळतो एवढंच कळतं. भिंगाखाली धरलं की पुढून रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं शरीर, दोन मिशा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका आणि कपाळाच्या मधोमध एकच डोळा दिसतो. मादीच्या शेपटीजवळ अंड्यांची पिशवी लटकलेली असते. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू आईसारखं मुळीच दिसत नाही. त्याला नॉप्लियस म्हणतात. काही जातींत ते माणसाच्या केसाच्या जाडीएवढंही नसतं. नॉप्लियसच्या सहा अवस्था, त्यानंतर कोपेपोडिडच्या पाच, प्रत्येक वेळी कात टाकायची आणि मग प्रौढ व्हायचं. पंचवीस अंशांच्या आसपास, पोटभर खायला असेल तर टिस्बे नावाची जात हा सगळा प्रवास आठवड्या-दीड आठवड्यात उरकते.

आपल्या मागच्या पिढीला या प्राण्याची ओळख वेगळ्याच कारणाने होती. गोड्या पाण्यातला सायक्लॉप्स हाही कोपेपोडच. पायविहिरीत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्याबरोबर सायक्लॉप्स पोटात जायचा, आणि त्याच्या अंगातल्या अळ्यांपासून वर्षभराने पायातून हातभर लांब नारू बाहेर यायचा. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या, हा आरोग्य खात्याचा संदेश खरं तर कोपेपोड अडवण्याचा संदेश होता. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २०००च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. ज्या जिवाला कापडाने गाळून फेकून देण्यासाठी सरकारने इतकी वर्षं खर्ची घातली, त्याच्याच समुद्री चुलतभावाला कापडाने गाळून जपून ठेवायची पाळी टाकीवाल्यावर येते.

समुद्रात कोपेपोडची संख्या किती, याचा अंदाज यायला आपल्याच देशातली एक गोष्ट पुरे. १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या जहाजांनी जाळ्या ओढून प्लवकांचे नमुने गोळा केले आणि ते निवडण्यासाठी कोचीनला खास केंद्र उभारावं लागलं. याच मोहिमेतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली, जिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. जाळीत आलेल्या प्राणिप्लवकांत निम्म्याहून अधिक वाटा बहुतेक वेळा एकट्या कोपेपोडांचा असतो. बांगडा, तारली, आपण बाजारातून सुकट म्हणून आणतो तो जवळा, या सगळ्यांचं जगणं कुठे ना कुठे या ठिपक्यांवर येऊन टेकतं. एका अर्थी समुद्राचा बारीक चारा खामगावच्या बाजारातही येतोच, फक्त वाळून येतो. मंदारिनला तो चालत नाही.

आता गावाकडे. खामगाव कापसाच्या पेठेसाठी नावाजलं. १८७० मध्ये जलंबपासून इथवर रेल्वेचा फाटा आला तो कापूस मुंबईच्या बंदरात पोचवायला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. मुंबईचा समुद्र मात्र रेल्वेने पाचशे किलोमीटरांहून लांब राहिला. मुंबई-रत्नागिरीचा छंदिष्ट निदान भरतीचं पाणी पाहू तरी शकतो. खामगावकराला सगळा समुद्र घरीच मांडावा लागतो.

इथे एक शंका हमखास येते. आपल्याकडे खारं पाणी काय कमी आहे? उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो चार हजार चौरस किलोमीटरांहून जास्त पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, जिकडे बोअर मारावं तिकडे पाणी तोंडात धरवत नाही. आणि दक्षिणेला शंभरेक किलोमीटरांवर लोणारचं सरोवर, उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. मग मिठाची पोती कशाला विकत घ्यायची?

खारेपणा म्हणजे नुसतं मीठ नव्हे, हे त्याचं उत्तर आहे आणि ते जरा सावकाश पाहायला हवं. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमांच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट पावणेतीनच्या जवळ, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या थोडं वर, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमांच्या आसपास. जगातल्या कुठल्याही खुल्या समुद्रात जा, क्षारांचं एकूण प्रमाण थोडं वर-खाली होईल, पण त्यांचं आपसातलं गणित बदलत नाही. समुद्री जीव त्या गणितावर घडलेले आहेत. खारपाण पट्ट्यात आणि लोणारमध्ये हे गणितच वेगळं आहे.

लोणारचं पाणी सोड्याचं. त्यात सोडियमची कार्बोनेटं आणि बायकार्बोनेटं इतकी, की पाण्याचा पीएच दहाच्या घरात जातो. समुद्राचा ८.१ च्या आसपास असतो. हा आकडा वाटतो तेवढा जवळचा नाही, कारण पीएचची एक पायरी म्हणजे दहापट. इतक्या कार्बोनेटात कॅल्शियम विरघळून राहत नाही, चुनखडी होऊन तळाशी बसतं. पूर्वी या सरोवरातून काढलेल्या खाराला प्रतवारीप्रमाणे दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती. मेहकरच्या बाजूच्या या खारापासून काच आणि साबण करता येतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत आहे. साबण करायला जे पाणी उत्तम, ते माशाच्या कल्ल्यांना कसं मानवणार? सरोवराच्या मुख्य पाण्यात मासे नसत.

पण म्हणून लोणार उजाड आहे असं नाही, आणि आपल्या विषयाचा खरा धडा इथेच सापडतो. त्या पाण्याचा हिरवा रंग स्पायरुलिना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म हरितनील जिवाणूंचा. २०२० च्या जूनमध्ये पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. उन्हाळ्यात पाणी घटलं, खारेपणा वाढला, ज्यांना तो मानवतो त्यांनी डोकं वर काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. आफ्रिकेतलं नाकुरू हे असंच सोड्याचं सरोवर, तिथे स्पायरुलिनावर लाखो छोटे रोहित जगत आले आणि पाण्यात रोटिफर आणि कोपेपोडही सापडतात. म्हणजे पाणी कसंही असो, अन्नसाखळी खालून वर बांधली जाते. आधी हिरवा जीव, मग त्याला खाणारा ठिपका, मग त्या ठिपक्याला टिपणारा. टाकीतही क्रम हाच. आपल्याकडचे लोक मात्र मासा आधी आणतात.

खारपाण पट्ट्याच्या पाण्याची अडचण निराळी. हरियाणात अशाच खारवट भूजलावर वनामी कोळंबी वाढवायचे प्रयोग झाले. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं रोहतकजवळ त्यासाठी केंद्र आहे. तिथल्या पाण्यात सोडियम भरपूर, पण पोटॅशियम फारच कमी निघालं, आणि पोटॅशियमवाचून कोळंबी तग धरत नाही. शेतात टाकतो तेच पोटॅश मोजून पाण्यात घातलं, तेव्हा जमलं. शेततळ्यातल्या एका कणखर कोळंबीसाठी हा उपाय ठीक आहे. पण टाकीत कोपेपोड, शेवाळ, गोगलगायी आणि मासे असं गावच वसवायचं आहे, त्या प्रत्येकाची मागणी वेगळी. तिथे बोअरचं पाणी दुरुस्त करत बसणं म्हणजे हट्ट. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असेल ते वेगळंच.

तेव्हा रस्ता सरळ आहे. आरओचं पाणी घ्यायचं, टीडीएस मीटरने तपासायचं, जितकं शून्याच्या जवळ तितकं बरं, आणि त्यात तयार समुद्री क्षारमिश्रण घालायचं. शंभर लिटरला साडेतीन किलोंच्या आसपास मिश्रण लागतं. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. हायड्रोमीटरवर १.०२५ आलं की पाणी एक दिवस पंपाने ढवळत ठेवायचं, मग वापरायचं.

दगडांविषयी थोडं सांभाळून. परदेशी पुस्तकांत जिवंत दगड विकत घ्या असं लिहिलेलं असतं. म्हणजे प्रवाळखडकाचे तुकडे, ज्यांच्या भोकाभोकांत कोपेपोड आधीच राहत असतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे वाघ आहे. समुद्रातून ते काढणं, विकणं, बाळगणं सगळं गुन्हा. समुद्रघोडाही त्याच यादीत. त्यामुळे सिरॅमिकचे सच्छिद्र दगड किंवा कोरडे कृत्रिम खडक घ्यायचे आणि त्यांत जीव आपण वसवायचा. वेळ जास्त लागतो, पण नको ते पाहुणेही येत नाहीत.

वसवायचं म्हणजे पहिल्यांदा हिरवं पाणी. कोपेपोडांना खायला सूक्ष्म शैवाल लागतं. नॅनोक्लोरॉप्सिस हे सगळ्यात सोपं, पेशी अवघ्या दोन ते चार मायक्रॉनच्या, तग धरणाऱ्या आणि भराभर वाढणाऱ्या. कोपेपोडांसाठी मात्र आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिस जास्त पौष्टिक. एकाच जातीवर ठेवण्यापेक्षा दोन-तीन मिसळून दिलेल्या बऱ्या. एक-दोन लिटरच्या स्वच्छ बाटलीत समुद्री पाणी, थोडं मूळ बियाणं, गिलार्ड या शास्त्रज्ञाने समुद्री शैवालांसाठी बसवलेल्या एफ-बाय-टू या मिश्रणाचे काही थेंब, तळापर्यंत एअर पंपाची नळी आणि शेजारी एलईडीची पट्टी. त्या मिश्रणात नायट्रेट, फॉस्फेट, लोह, जस्त असे सूक्ष्म धातू आणि बी-१२ सह तीन जीवनसत्त्वं असतात. शेतीच्या दुकानातलं खत पाण्यात टाकून काम भागवायचा मोह होतो, पण युरियातून अमोनिया तयार होतो आणि तो पुढे टाकीत पोचतो. आठवडा-दहा दिवसांत बाटली गर्द हिरवी होते. अर्धी वापरायची, अर्धीत नवं पाणी भरायचं. कधीतरी ती एका रात्रीत पिवळट पडते आणि तळाशी गाळ बसतो, बहुधा एखादा सूक्ष्म प्राणी आत शिरून सगळं फस्त करतो. म्हणून एक बाटली कायम वेगळी आणि लांब ठेवायची. कोपेपोडांच्या बादलीत बुडालेला हात, चमचा, नळी तिच्याजवळ फिरकू द्यायची नाही.

मग कोपेपोड. या छंदातली माणसं त्यांना नुसतं पॉड्स म्हणतात. त्यांचे ढोबळ तीन गट. कॅलॅनॉइड खुल्या पाण्यात पोहतात, त्यांच्या मिशा लांब असतात, पालन अवघड. हार्पॅक्टिकॉइड दगडांवर, काचेवर, शेवाळात सरपटतात. टिस्बे आणि टिग्रिओपस याच गटातले. सायक्लोपॉइड मधले, अपोसायक्लॉप्स ही त्यातली पाळायला सोपी जात. मंदारिन दगडावर टिपतो, म्हणून त्याला टिस्बे सोयीचा. टिग्रिओपस आकाराने मोठा, लालसर आणि विलक्षण चिवट. तो मुळात खडकांच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात राहतो, जिथे उन्हाने पाणी तापतं, आटून खारट होतं आणि पाऊस पडला की पुन्हा फिकट. पण त्याला वर पोहायची सवय आहे, मासे असलेल्या टाकीत तो चटकन संपतो. म्हणून चाऱ्यासाठी टिग्रिओपस बादलीत वाढवावा आणि टिस्बे टाकीत वसवावा.

दहा-वीस लिटरची बादली पुरते. हवेचे बुडबुडे हळू, मोजता येतील इतके. हिरवं पाणी इतकंच घालायचं, की बादलीतलं पाणी पोपटी दिसावं, तळ दिसेनासा होऊ नये. ते पांढरं-स्वच्छ झालं की पुन्हा घालायचं. बादली नासण्याचं बहुतेक वेळा कारण उपासमार नसतं, जास्त खाणं असतं. न खाल्लेलं शैवाल मरतं, कुजतं, प्राणवायू संपवतं. काढणीला बारीक जाळीची चाळणी वापरायची. साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या जाळीवर मोठे अडकतात, पिल्लं खाली निघून जातात आणि बादलीचा वंश चालू राहतो. एका वेळी पाव भागाहून जास्त काढू नये.

टाकीत मात्र चाळणीने वाढून पुरणार नाही, कारण मंदारिन दिवसभर खातो. तिथे पॉड्सना स्वतःचं घर हवं. मुख्य टाकीच्या खाली किंवा शेजारी दुसरी छोटी टाकी जोडतात, पाणी दोन्हींतून फिरतं, पण माशाला तिकडे जाता येत नाही. तिला रेफ्यूजियम म्हणतात. तिच्यात किटोमॉर्फा नावाचं तारेच्या गुंतवळीसारखं हिरवं शेवाळ टाकायचं. पॉड्स त्यात लपतात, त्यावर चढलेला सूक्ष्म थर खातात, अंडी देतात, आणि जे पाण्याबरोबर वाहून वर जातात ते माशाचे. शेवाळ वाढताना नायट्रेट शोषतं, अधूनमधून मूठभर काढून फेकलं की तेवढी घाण टाकीबाहेर गेली. या टाकीचा दिवा रात्री लावायचा, मुख्य टाकीचा बंद असताना. अंधारात सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पीएच खाली येतो. रात्री एका बाजूला प्रकाशसंश्लेषण चालू राहिलं की ती घसरण कमी होते.

याच शेवाळात पुढे ॲम्फिपोड दिसू लागतात. आकाराने मोठे, काही जाती सेंटिमीटरच्याही पुढे, कुशीवर पडून पळणारे. त्यांची मादी पोटाखालच्या पिशवीत अंडी सांभाळते आणि पिल्लं तयार होऊनच बाहेर पडतात, त्यामुळे वाहत्या पाण्यात हरवत नाहीत. कुजकं शेवाळ, माशांनी टाकलेलं अन्न ते साफ करतात. मंदारिनच्या तोंडाला मोठा ॲम्फिपोड पेलत नाही, पण पिल्लं तो आनंदाने खातो.

पॉड्स मारायचे असतील तर पुढल्या गोष्टी कराव्यात. माशाला खरूज झाली म्हणून तांब्याचं औषध थेट टाकीत ओतावं. तांबं कवचधाऱ्यांना विष आहे, माशाला वाचवणारी मात्रा पॉड्सचा निर्वंश करते, आणि दगडात मुरलेलं तांबं पुढेही झिरपत राहतं. आजारी मासा नेहमी वेगळ्या टाकीत काढून औषध द्यावं. दुसरं, पाणी गाळायला फेल्टची पिशवी लावावी आणि तिच्यात रोज हजारो पॉड्स अडकवावेत. तिसरं, अतिनील दिवा अहोरात्र जळत ठेवावा. आणि चौथं, घाई करून एक मंदारिन, दोन रॅस आणि वर आणखी एखादा पॉड्सखाऊ मासा एकदम सोडावा.

खामगावात पाचवं एक कारण आहे, मे महिना. पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि टाकीचं पाणी ३२ च्या पुढे सरकायला वेळ लागत नाही. समुद्री पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३२ ला तो सहावर येतो, आणि त्याच वेळी प्रत्येक जिवाचा श्वास वाढलेला असतो. त्यात वीज गेली की पंप बंद. बॅटरीवर चालणारा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर निदान पाणी फिरवणारी एक मोटार, एवढं हवंच. घरात इन्व्हर्टरला पंखा आणि टीव्ही जोडलेले असतात, टाकीला कोणी विचारत नाही.

विदर्भाच्या हवेचा एक फायदा मात्र मुंबईकराला नाही. हवा कोरडी असल्याने पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. दमट किनाऱ्यावर हाच पंखा निम्मंही काम करत नाही. पण त्याच खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा ओली होते आणि पंख्याचा जोर कमी होतो, तेव्हा टाकी कूलरच्या खोलीत ठेवायची की शेजारच्या, हे आपापल्या घरात थर्मामीटर लावून ठरवावं. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. शंभर लिटरमधलं दहा लिटर उडालं की ३५ चा खारेपणा ३९ च्या जवळ जातो. कडक उन्हाळ्यात ते व्हायला फार दिवस लागत नाहीत. रोज सकाळी काचेवर केलेल्या खुणेपर्यंत बिनमिठाचं आरओ पाणी घालायचं. खारं पाणी घालून पातळी भरणारी माणसं नकळत टाकीचं मिठागर करतात.

मिठागरावरून आर्टेमियाची आठवण होणं साहजिक आहे. मिठागरांच्या तीव्र खारट पाण्यात, जिथे मासे पोचत नाहीत, तिथे हा झिंग्याचा लांबचा नातेवाईक राहतो. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो १९५०च्या दशकात नोंदवला गेला. पाणी आटू लागलं की मादी कवचबंद अंडी टाकते, ती वर्षानुवर्षं कोरडी राहू शकतात आणि पाण्यात पडली की दिवसभरात फुटतात. १९३३ मध्ये अमेरिकेत सील यांनी आणि १९३९ मध्ये नॉर्वेत रोलेफसेन यांनी त्याची पिल्लं माशांच्या पिल्लांना खाऊ घालून दाखवली आणि तेव्हापासून जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांचा हा मुख्य आधार झाला. डब्यातली अंडी म्हणजे बहुधा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची. लिटरभर खारट पाणी, एक ग्रॅम अंडी, जोरात हवा, वर दिवा आणि २८ अंश तापमान, हे शेवटचं खामगावात वर्षातले बरेच महिने फुकट मिळतं. चोवीस तासांनी हवा बंद करायची. फुटलेली टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, तिथून नळीने ओढून घ्यायची.

आर्टेमिया सोपा आहे, म्हणून त्यालाच सगळं समजू नये. त्याच्या पिल्लात पिवळ्या बलकाची शिदोरी काही तासांचीच असते आणि डीएचए हे माशाच्या मेंदूला, डोळ्याला लागणारं मेदाम्ल जवळजवळ नसतं. कोपेपोडमध्ये ते मुळातच भरपूर. म्हणून आर्टेमिया शैवालाच्या पाण्यात अर्धा-एक दिवस ठेवून, खाऊ घालून मगच द्यावा. मंदारिन तो हलताना पाहून कधी कधी टिपतो. तेवढ्यावर त्याचा महिना निघतो, वर्ष निघत नाही.

माशाची अंडी उबवून पिल्लं वाढवायची म्हटलं की आर्टेमियाही मोठा पडतो, मग रोटिफर लागतात, दीड-दोनशे मायक्रॉनचे. जपानमधल्या ईल माशांच्या तळ्यांत हा रोटिफर आधी कीड समजला जायचा, कारण तो वाढला की पाण्यातलं शैवाल संपून पाण्याचा रंग बदलायचा. १९६० मध्ये इतो यांनी त्यालाच माशांच्या पिल्लांचं खाद्य केलं. क्लाउनफिशची पिल्लं पहिल्या दिवसापासून रोटिफर खातात, त्यामुळे हा मासा टाकीत वाढवता येतो आणि दुकानात मिळणारे पुष्कळसे क्लाउनफिश आता पाळीव आईबापांचे असतात. ज्यांच्या पिल्लांचं तोंड याहून लहान, त्यांच्यासाठी पुन्हा कोपेपोडचे नॉप्लियस. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कोपेपोड पालनावर काम चालवलं आहे ते यासाठीच.

तर खामगावात ही टाकी मांडायची असेल तर दिवाळीनंतर मांडा. थंडीत पाणी आणि शैवाल बसतं, फेब्रुवारीपर्यंत पॉड्स सोडून होतात, आणि मासा न सोडता उन्हाळा काढता येतो. रात्री सगळे दिवे मालवल्यावर तासाभराने काचेवर टॉर्च मारा. पांढरे ठिपके काचेवर, दगडावर, शेवाळात जागोजागी पळताना दिसायला हवेत. शोधून दोन-चार सापडत असतील, तर अजून हिरवं पाणी घाला आणि थांबा. तीनशे लिटरच्या आतल्या टाकीत मंदारिन आणूच नका, तुमच्याकडे रेफ्यूजियम आणि बाजूला चालू बादली असल्याशिवाय. आणि मोठी टाकी असेल तरी पहिला मे महिना पॉड्सना एकट्याने काढू द्या. जूनअखेरीस टॉर्चच्या उजेडात ते भरपूर दिसले, तर दुकानात फोन करा.